कांचपट्टीवरील रंग आणि तोंडाचा कर्करोग



वऱ्हाड हा कापसाचा मुलूख असल्यामुळें सूत रंगवावयाचें म्हणजे काय, हें येथील जुन्या माणसांस सांगावयास नको. सूत नुसतें रंगांत बुडवून चालत नाहीं. तें आधीं तुरटीच्या पाण्यांत मुरवावें लागतें, तेव्हां कोठें मंजिष्ठेचा तांबडा रंग त्यावर बसतो आणि धुण्यांत टिकतो. आज मी आपणांशीं रंगविण्याच्याच एका कलेविषयीं बोलणार आहें. मात्र रंगवावयाची वस्तु सूत नव्हे, तर माणसाच्या तोंडांतून काढलेला, तांदुळाच्या दाण्याएवढा मांसाचा तुकडा आहे. या तुकड्यास कोणता रंग दिला असतां त्यांतील प्रतिकारक पेशी नीट दिसतात, आणि ज्या दिसल्या नाहींत त्या तेथें नव्हत्याच असें म्हणतां येईल काय, हा आजचा प्रश्न आहे. प्रश्न प्रयोगशाळेंतला दिसतो खरा. परंतु त्याच्या उत्तराशीं ज्याचें सुखदुःख बांधलेलें असतें तो माणूस आपल्याच घरांतला किंवा शेजारचा असतो. म्हणून हा विषय घरोघरीं ऐकला जावा असें मला वाटतें.

सायंकाळीं अमरावतीच्या राजकमल चौकांतून किंवा अकोल्याच्या गांधी मार्गावरून सहज फेरी मारली तरी या रोगाचें बीज कोठें पेरलें जातें तें दिसतें. पानठेल्यावर प्लॅस्टिकच्या कागदांत सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून खर्रा तयार होत असतो, आणि तो घेणारांत कोंवळ्या पोरांपासून पेन्शनरांपर्यंत सर्व वयाचे लोक असतात. महाराष्ट्रांत गुटख्यावर २०१२ सालीं बंदी आली. खर्ऱ्याची सवय मात्र सुटलेली नाहीं. २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणें जगांत ओठ व तोंड यांच्या कर्करोगाचे सुमारें ३ लक्ष ९० हजार नवे रोगी झाले, आणि त्यांपैकीं सुमारें १ लक्ष ४४ हजार एकट्या भारतांतील होते. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक. ही गोष्ट आजची नव्हे. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें, आणि तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ आलेल्या १,००० रोग्यांचा अभ्यास करून तो १९४४ सालीं प्रसिद्ध केला. खानोलकर हे शस्त्रवैद्य नव्हते. ते विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे कांचपट्टीवर पेशी पाहणारे परीक्षक होते. मी बोलणार आहें तें याच परीक्षकांच्या कामाविषयीं.

रोग्याच्या गालाच्या आंतून किंवा जिभेच्या कडेवरून काढलेला तुकडा प्रथम फॉर्मॅलिनच्या द्रावणांत टाकतात. त्यानें तो कुजत नाहीं आणि आहे त्या स्थितींत स्थिर होतो. नंतर त्यांतील पाणी क्रमाक्रमानें काढून तो मेणांत बसवितात. हा मेणाचा ठोकळा यंत्राच्या धारदार पात्यानें कापला म्हणजे सुमारें ४ मायक्रॉन जाडीचे पापुद्रे निघतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून पापुद्र्याच्या पातळपणाची कल्पना यावी. असा पापुद्रा कांचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं धरला तर काय दिसतें? जवळजवळ कांहींच नाहीं. पेशी पारदर्शक असतात. पाण्यांत कांचेचे तुकडे पडावे तशी त्यांची स्थिति असते. रंग दिल्यावांचून परीक्षकाचा डोळा आंधळा.

नेहमींचे रंग दोन आहेत. पहिला हेमॅटॉक्सिलिन. हा मेक्सिकोकडील एका झाडाच्या लाकडापासून निघतो, आणि तो पेशीच्या केंद्रकावर बसावा म्हणून त्यांत तुरटीची जोड द्यावी लागते. सूत आणि मंजिष्ठ यांचाच न्याय येथेंही लागू पडतो. त्यानें केंद्रक निळें-जांभळें होतें. दुसरा इओसिन. हा कृत्रिम रंग असून ग्रीक लोकांच्या उषादेवीवरून त्याचें नांव पडलें आहे. तो केंद्रकाबाहेरचा सारा भाग गुलाबी करितो. या जोडीनेंच आजही जगभर कर्करोगाचें निदान होतें. पुढें मी इतर रंगांचे कितीही गुण सांगितले, तरी ही गोष्ट श्रोत्यांनीं विसरूं नये.

आतां प्रतिकारक पेशींकडे वळूं. कर्करोगाच्या तुकड्यांत केवळ कर्करोगाच्याच पेशी असतात असें नाहीं. त्यांच्या भोंवतीं शरीराच्या प्रतिकारक पेशी जमा होतात: गोल, गर्द केंद्रकाच्या लसिकापेशी, लाल कणांचे इओसिनोफिल, कणांनीं ठासून भरलेल्या मास्ट पेशी, आणि मोडतोड गिळणाऱ्या महाभक्षक पेशी. यांतील सर्वच रोग्याच्या बाजूनें लढतात असें समजणें भाबडेपणाचें होईल. कांहीं लसिकापेशी कर्करोगाच्या पेशीस ठार मारतात. उलट मास्ट पेशी आपल्या कणांतील द्रव्यें सोडून नव्या रक्तवाहिन्या वाढविण्यास हातभार लावतात, असाही त्यांजवर आरोप आहे. म्हणून कोण किती आहेत आणि कोठें उभे आहेत, हें मोजणें अगत्याचें ठरतें. आणि मोजावयाचें तर आधीं ओळखलें पाहिजे.

इओसिनोफिलांपासून प्रारंभ करूं. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानें १८७९ सालीं या पेशींस ओळखलें व नांव दिलें. यांच्या कणांत अल्कधर्मी प्रथिनें असतात आणि इओसिन हा आम्लधर्मी रंग आहे. दोहोंचें आकर्षण असल्यामुळें कण भडक लाल होतात. या पेशीचें केंद्रक बहुधा दोन पाकळ्यांचें, चष्म्याच्या दोन भिंगांसारखें दिसतें. इतकी ओळख असतां अडचण ती काय? अडचण अशी कीं इओसिन केवळ या कणांवर प्रसन्न होत नाहीं. रक्तांतील तांबड्या पेशी, स्नायूचे तंतु, आणि तोंडाच्या कर्करोगांत ठिकठिकाणीं होणारे केराटिनचे मोती, हे सारेच त्यानें गुलाबी होतात. लग्नघरीं सर्वांनींच गुलाबी फेटे बांधले म्हणजे नवरदेवाचा भाऊ कोणता हें जसें कळूं नये, तसा हा प्रकार होतो. शिवाय ज्या पेशीनें आपले कण बाहेर टाकून दिले ती तर ओळखूंच येत नाहीं.

म्हणून दुसरे रंग शोधले गेले. त्यांतील एक कांगो रेड. याची कथा कापसाच्या मुलखास सांगण्याजोगी आहे. जर्मनींत पॉल बॉटिगर यानें तो तयार केला, आणि तुरटीसारख्या कोणत्याही मध्यस्थावांचून सरळ कापसावर बसणारा तो पहिला कृत्रिम रंग ठरला. कापडासाठीं जन्मलेला हा रंग पुढें प्रयोगशाळेंत आला. त्यानें इओसिनोफिलांचे कण तांबडे उठून दिसतात आणि भोंवतालचें पेशीजाल त्या मानानें फिकें राहतें. दुसरा रंग कार्बोल क्रोमोट्रोप. लेंड्रम या परीक्षकानें तो १९४४ सालीं पुढें आणला. त्यांत क्रोमोट्रोप हें रंगद्रव्य फिनॉलबरोबर वापरतात. इओसिनोफिलांचे कण झगझगीत लाल होतात आणि मागची पार्श्वभूमि बरीचशी शांत असते. दोन्ही रंग कोरड्या पुडीच्या रूपानें कपाटांत राहतात, दोहोंची किंमत सामान्य प्रयोगशाळेस परवडते, आणि दोहोंस फारशी यंत्रसामग्री लागत नाहीं. मोजणाराचा डोळा थकत नाहीं, हा त्यांचा सर्वांत मोठा गुण मी समजतों.

येथें माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणें मला प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं दर्यापूरकडील एका शेतकरी गृहस्थांच्या गालांतील पांढऱ्या चट्ट्याचा तुकडा माझ्याकडे आला. तुकडा लहान व वरवरचा होता. वरच्या थरांतील पेशी बिघडलेल्या होत्या, यांत शंका नव्हती. परंतु त्या खालच्या थरांत उतरल्या आहेत कीं नाहींत, म्हणजे कर्करोग झाला आहे कीं होऊं घातला आहे, हें ठरवावयाचें होतें. नेहमींच्या रंगांत खालचा भाग सांडलेल्या रक्तानें भरलेला आणि सारा गुलाबी दिसला. "खालच्या थरांत प्रवेश दिसत नाहीं" असा अहवाल मीं दिला. वाक्य खोटें नव्हतें. दिसत नव्हता, हें खरें. पण न दिसणें आणि नसणें यांतील अंतर मीं त्या वाक्यांत सोडून दिलें होतें.

तीन आठवड्यांनीं निरनिराळ्या रंगांची तुलना करण्यासाठीं मीं कांहीं जुने ठोकळे बाहेर काढले, त्यांत योगायोगानें हाही होता. कांगो रेडनें रंगविलेल्या पापुद्र्याच्या एका कडेला इओसिनोफिलांचा दाट घोळका उभा होता. पहिली कांचपट्टी पुन्हां पाहिली, तों ते तेथेंही होते. रक्ताच्या गर्दींत मला ते ओळखूं आले नव्हते. कर्करोग खालीं उतरूं लागला म्हणजे त्याच्या आसपास या पेशी जमतात, असें अनेक परीक्षकांनीं नमूद केलें आहे. म्हणून मीं तो ठोकळा त्या कडेला आणखी खोल कापविला. सातव्या कीं आठव्या पापुद्र्यांत, साध्या हेमॅटॉक्सिलिन-इओसिनमध्येंच, खालीं उतरलेल्या कर्करोगाच्या पेशींचें एक लहानसें बेट दिसलें.

त्या दिवशीं मीं स्वतः फोन केला. पेरणीचे दिवस होते; ते गृहस्थ तीन दिवसांनीं आले, समोर बसले आणि शांतपणें म्हणाले, "डॉक्टरसायेब, मांगं तं तुमीच लिहून देल्लं का काई नाई म्हनून." यावर मजजवळ उत्तर नव्हतें. चूक माझी आहे एवढेंच मीं सांगितलें. त्यांची शस्त्रक्रिया वेळेवर झाली व ते बरे आहेत. पण त्यांत माझें श्रेय कांहीं नाहीं. तो ठोकळा तुलनेच्या निमित्तानें पुन्हां हातीं आला नसता तर काय झालें असतें, हा विचार आजही माझी पाठ सोडीत नाहीं.

या प्रसंगाचा अर्थ मात्र नीट लावला पाहिजे. कर्करोगाचें निदान कांगो रेडनें केलें नाहीं. तें नेहमींच्याच रंगांनीं केलें. कांगो रेडनें पुन्हां कोठें पाहावें एवढेंच दाखविलें. इओसिनोफिल जंतांमुळें, औषधांच्या वावड्यामुळें किंवा साध्या जखमेंतही जमतात. तेव्हां ते दिसले म्हणजे कर्करोगच, असा तर्क करणें ही माझ्या पहिल्या चुकीहून मोठी चूक झाली असती.

आतां मास्ट पेशी. यांसही एर्लिखनेंच १८७८ सालीं, वयाच्या २४ व्या वर्षीं, आपल्या पदवीच्या प्रबंधांत ओळखलें. या पेशी खाऊन पुष्ट झाल्या आहेत अशा समजुतीनें त्यानें त्यांना हें नांव दिलें. समजूत खरी ठरली नाहीं, नांव मात्र राहिलें. यांच्या कणांत हेपॅरिनसारखीं आम्लधर्मी द्रव्यें असतात. म्हणून यांना उलट जातीचा, म्हणजे अल्कधर्मी रंग हवा. तो टोल्युइडीन ब्लू. यांतील गंमत अशी कीं हा रंग स्वतः निळा, इतर पेशीजालासही तो निळेंच करितो. परंतु मास्ट पेशींच्या कणांवर त्याचे रेणु दाटीवाटीनें बसले म्हणजे त्याचाच वर्ण पालटून जांभळा-तांबडा होतो. निळ्या शेतांत जांभळीं बोंडें दिसावीं तशा त्या पेशी दिसतात. काम मिनिटांचें, खर्च किरकोळ.

परंतु या रंगासही मर्यादा आहेत. मास्ट पेशीनें कण बाहेर टाकले असतील तर रंग बसावयास जागाच उरत नाहीं. आणि फॉर्मॅलिनमध्यें राहिल्यानें कांहीं जातीच्या मास्ट पेशींचे कण या रंगास नीट दाद देत नाहींत. येथें अगदीं निराळी पद्धति पुढें येते. मास्ट पेशींत ट्रिप्टेझ नांवाचें एक विकर असतें. त्या विकरासच नेमकें जाऊन चिकटेल असें प्रतिपिंड वापरून या पेशी दाखवितां येतात. एकाच ठोकळ्याचे लगतचे दोन पापुद्रे घेऊन एकास टोल्युइडीन ब्लू व दुसऱ्यास ट्रिप्टेझचें प्रतिपिंड दिलें, तर दुसऱ्यांत सामान्यतः अधिक पेशी भरतात. त्या अधिकच्या पेशी पहिल्या पापुद्र्यांतही होत्या. त्या रंगास त्या दाखवितां आल्या नाहींत, इतकेंच.

या प्रतिपिंडांच्या पद्धतीचा पाया आल्बर्ट कून्स या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९४१ सालीं घातला. प्रतिपिंडास चमकणारें द्रव्य जोडून तो त्याच्या प्रकाशावरून शोध घेई. पुढें १९७५ सालीं कोहलर व मिलस्टाइन यांनीं एकाच जातीचीं शुद्ध प्रतिपिंडें हवीं तितकीं तयार करण्याची युक्ति काढली, आणि प्रत्येक पेशीस जणूं स्वतःचा रंग मिळाला. आतां बहुधा प्रतिपिंडास पेरॉक्सिडेझ हें विकर जोडतात, आणि जेथें प्रतिपिंड चिकटलें तेथें तपकिरी रंग उमटतो. लसिकापेशींच्या बाबतींत या पद्धतीला पर्यायच नाहीं. नेहमींच्या रंगांत सर्व लसिकापेशी सारख्याच काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. त्यांतील मारेकरी कोणत्या, त्यांना आवरणाऱ्या कोणत्या, हें वेषावरून कळत नाहीं. सीडी८ या खुणेच्या प्रतिपिंडानें मारक पेशी तेवढ्या तपकिरी होतात. महाभक्षक पेशींस सीडी६८ चालतें.

मग साऱ्या जुन्या रंगांस निरोप द्यावा काय? तसें मी म्हणणार नाहीं. प्रतिपिंडेंही फसवितात. इओसिनोफिलांत पेरॉक्सिडेझ विकर मूळचेंच असतें. तें आधीं हायड्रोजन पेरॉक्साइडनें निकामी केलें नाहीं, तर प्रतिपिंड न चिकटतांही या पेशी तपकिरी होऊन बसतात. आपल्या लोकांच्या तोंडाच्या त्वचेंत काळसर मेलॅनिन असतें. तेंही तपकिरीच दिसतें आणि नवख्या परीक्षकास चकवितें. शिवाय हीं प्रतिपिंडें महाग आणि नाजुक. तीं २ ते ८ अंशांच्या थंडाव्यांत ठेवावीं लागतात, आणि मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला असतांना दुपारीं वीज गेली म्हणजे प्रयोगशाळेच्या माणसाचा जीव शीतपेटींत अडकतो. कांगो रेडच्या पुडीस उन्हाळा बाधत नाहीं.

तेव्हां कोणता रंग श्रेष्ठ, हा प्रश्नच सदोष आहे. कोणत्या प्रश्नास कोणता रंग, असें विचारलें पाहिजे. निदानास हेमॅटॉक्सिलिन-इओसिन, इओसिनोफिल मोजावयाचे तर कांगो रेड किंवा कार्बोल क्रोमोट्रोप, मास्ट पेशींची पहिली पाहणी टोल्युइडीन ब्लूनें, काटेकोर मोजदाद ट्रिप्टेझनें, आणि लसिकापेशींची जात ओळखावयाची तर प्रतिपिंडांखेरीज गति नाहीं.

रंगाइतकाच मोजणीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. ज्या तुकड्यांत इओसिनोफिल पुष्कळ, तो रोगी अधिक जगतो असें कांहीं अभ्यासकांनीं लिहिलें; कांहींनीं नेमकें उलट लिहिलें; आणि कांहींना संबंधच आढळला नाहीं. मास्ट पेशींविषयींही असाच मतभेद आहे. हा मतभेद सर्वस्वीं रोगाच्या स्वभावांतून आला असें मला वाटत नाहीं; बराचसा तो रंग आणि मोजणी यांच्या भेदांतून आला असावा. एक साधा हिशेब पाहा. बहुतेक लेखांत "दहा दृष्टिक्षेत्रांत इतक्या पेशी" असें लिहितात. परंतु ४० पटींच्या भिंगाखालीं २२ क्रमांकाच्या नेत्रिकेंतून दिसणारें वर्तुळ सुमारें ०.२४ चौरस मिलिमीटर असतें, आणि १८ क्रमांकाच्या नेत्रिकेंतून दिसणारें केवळ ०.१६. म्हणजे त्याच पापुद्र्यांत एकास १५ पेशी दिसतील तेथें दुसऱ्यास १० च दिसतील, आणि दोघेही खरेंच बोलत असतील. म्हणून मोजणी चौरस मिलिमीटरवर सांगावी. पेशी घोळक्यानें राहतात, तेव्हां जागा कशी निवडली तेंही सांगावें. आणि दोन परीक्षकांनीं एकमेकांचे आंकडे न पाहतां मोजावें. रंगांची तुलना करावयाची तर एकाच ठोकळ्याच्या लगतच्या पापुद्र्यांवर करावी. एका रोग्याचा तुकडा एका रंगांत व दुसऱ्याचा दुसऱ्या रंगांत, ही तुलना नव्हे.

ही सारी दक्षता कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर अलीकडच्या औषधांत आहे. कर्करोगाच्या पेशी एका खुणेनें प्रतिकारक पेशींस थोपवून धरतात. ती अडवणूक दूर करणाऱ्या दोन औषधांस अमेरिकेंत २०१६ सालीं डोकें व मान यांच्या कर्करोगासाठीं मान्यता मिळाली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील वैद्यांनीं त्यांपैकीं निव्होलुमॅब हें औषध नेहमींच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनीं २० मिलिग्रॅम, तोंडानें घ्यावयाच्या स्वस्त औषधांस जोडून दिलें. ज्यांचा रोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला होता अशा १५१ रोग्यांवरील हा प्रयोग २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. केवळ स्वस्त औषधें घेणारांपैकीं वर्षअखेर १६.३ टक्के जिवंत होते. निव्होलुमॅबची जोड मिळालेल्यांपैकीं ४३.४ टक्के. रोग्याच्या स्वतःच्या प्रतिकारक पेशींस मोकळें केल्यानें काय होऊं शकतें, याची ही साक्ष आहे.

या जातीचें दुसरें औषध द्यावें कीं नाहीं हें ठरवितांना कांचपट्टीवरील वर सांगितलेल्या खुणेची मोजणी करितात, आणि त्या मोजणींत कर्करोगाच्या पेशींबरोबर लसिकापेशी व महाभक्षक पेशीही धरतात. म्हणजे येथें आंकड्यावर औषध ठरतें. आणि हीच खूण दाखविणारीं चार-पांच निरनिराळीं प्रतिपिंडें बाजारांत आहेत. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या त्याच तुकड्यांवर तीं वापरून पाहिलीं असतां त्यांतील एकानें इतरांच्या मानानें कर्करोगाच्या कमी पेशी रंगविल्या. किंमत वाढली म्हणून रंग सर्वसाक्षी होत नाहीं, हें यावरून दिसेल.

आपल्या वऱ्हाडापुरतें बोलावयाचें तर अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख स्मृति वैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि दोन्ही शहरांत दंतवैद्यकाचींही महाविद्यालयें आहेत. तोंडाच्या कर्करोगाचे तुकडे येथें दुर्मिळ नाहींत. दुर्दैवानें ते विपुल आहेत. दोन्ही शहरांतील परीक्षकांनीं एकच रंग, एकच मोजणी आणि एकच नोंदवही ठरविली, तर पुडीच्या रंगांवरही असें काम उभें राहील कीं ज्याचा आधार दुसऱ्यांस घेतां येईल. त्यासाठीं मोठ्या देणगीची वाट पाहण्याचें कारण नाहीं; शिस्तीची मात्र गरज आहे.

आणि श्रोत्यांनीं काय करावें? चार गोष्टी सांगतों. तोंडांतील जखम, पांढरा किंवा तांबडा चट्टा, अथवा गांठ दोन-तीन आठवड्यांत बरी झाली नाहीं, तर ती दुखत नसली तरी दाखवावी. आरंभीचा कर्करोग बहुधा दुखत नाहीं. दुसरें, काढलेला तुकडा प्रयोगशाळेकडे नेण्याचें काम पुष्कळदां नातलगांकडे येतें. तो पाण्यांत किंवा सलाइनमध्यें नेऊं नये, तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मॅलिनमध्यें न्यावा. कुजलेल्या तुकड्यावर कोणताही रंग बसत नाहीं. तिसरें, अहवालांत "दिसत नाहीं" असें असेल आणि जखम मात्र तशीच असेल, तर पुन्हां विचारावें. परीक्षकास राग येईल ही भीति बाळगूं नये. चौथें, मुंबईस किंवा नागपुरास जावयाचें झाल्यास कागदांबरोबर कांचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळाही मागून घ्यावा. रात्रीच्या गाडीनें निघून दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत उतरणारीं आपल्याकडील कुटुंबें मीं पाहिलीं आहेत. आपल्याच अमरावती जिल्ह्यांत जन्मलेल्या त्या सत्पुरुषाच्या नांवाची ती धर्मशाळा कर्करोगाच्या रोग्यांस व त्यांच्या माणसांस आसरा देते. तेथवर जाऊन केवळ ठोकळा घरीं राहिला म्हणून तपासणी अडावी, यासारखी हळहळ नाहीं. तो ठोकळा रुमालांत बांधून उन्हापासून जपून न्यावा. मेण आहे, वितळतें.

दर्यापूरचे ते गृहस्थ आतां वर्षांतून दोनदां तपासणीस येतात. खर्रा त्यांनीं सोडला आहे. प्रत्येक खेपेस मी त्यांची जुनी कांचपट्टी काढून पाहतों. इओसिनोफिल तेथेंच आहेत, पहिल्या दिवशीं होते तेथेंच. आतां मला ते दिसतात. नवा अहवाल लिहितांना मी अजूनही "दिसत नाहीं" असें लिहितों, कारण पुष्कळदां तेंच खरें असतें. परंतु त्यापुढें कोणता रंग दिला, किती खोल कापलें आणि काय पाहावयाचें राहिलें, हेंही लिहितों. वाक्य लांबतें. लांबूं द्यावें.